स्तनाचा कर्करोग : दुखत नाही म्हणून थांबू नका

अंगावर गाठ आली आणि ती ठणकू लागली, की आपल्या भगिनी दवाखान्याची पायरी चढतात. स्तनाच्या कर्करोगात नेमके इथेच फसायला होते. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. भिवंडीत यंत्रमागासाठी कांडी भरणाऱ्या किंवा घरी बसून धागे कापणाऱ्या बाईला न दुखणाऱ्या गाठीसाठी दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही. त्यात दुखणे अशा जागेचे, की नवऱ्यालाही सांगण्याचा संकोच. मग वर्ष जाते आणि गाठ काखेपर्यंत पोहोचते. २०२२ साली भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे.

श्रीमंत देशांत ठराविक वयानंतर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, नियमित काढतात. ते यंत्र महाग, चालवणारे व फोटो वाचणारे तज्ज्ञ थोडे. मग आपल्याकडे काय करावे? या प्रश्नाचे उत्तर परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतच शोधले. १९९८ साली ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटातील स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, हाताने तपासले गेले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. कमीत कमी दहावीपर्यंत शिकलेल्या व खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. आपल्या विद्यार्थिनींनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणून तरुण बाईने तपासणीच्या फेरीची वाट पाहत बसू नये. गाठ लागली की लगेच दाखवावी.

दर महिन्याला आरशासमोर स्वतःच तपासले की झाले, असे पुष्कळ पत्रकांत छापलेले असते. चीनमधील शांघाय येथे १९८९ पासून कापड गिरण्यांतील २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर याची परीक्षा घेण्यात आली. निम्म्यांना स्वतपासणी नीट शिकवली, तरी मृत्यू कमी झाले नाहीत, असे २००२ मध्ये जाहीर झाले. आपले शरीर ओळखीचे असावे, पण शिकलेल्या हाताकडून होणाऱ्या तपासणीची जागा ते घेत नाही. आपल्या देशात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करण्याचे सरकारी धोरण २०१६ मध्ये ठरले. आशाताई वस्तीत आल्या की त्याबद्दल विचारावे.

लक्षणे थोडक्यात अशी : स्तनात किंवा काखेत टणक गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तासारखा स्राव, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणे, न भरणारी जखम. बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासणीनेच ठरते. आधी हाताने, मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि शेवटी सुईने तुकडा काढून बायोप्सी. सुई लावली की रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. या समजुतीपायी घरी बसून राहिलेल्या बायकांचे मात्र खरे नुकसान झाले आहे. तसेच हा रोग स्पर्शाने लागत नाही. गाठ लहान असताना पूर्ण स्तन काढावा लागतोच असेही नाही. अनेकदा गाठ काढून वर किरणोपचार देता येतात.

भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात प्रथम दाखवावे. तेथून परळला पाठवले तर एस.टी.ने कल्याण किंवा ठाणे गाठून पुढे लोकल आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड जवळ ठेवावे आणि योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. सोबत घरातील एक माणूस जरूर न्यावा, कारण पहिल्या दिवशी रांगा बऱ्याच असतात आणि डॉक्टरांनी सांगितलेले सगळे एकटीच्या लक्षात राहत नाही.