चारशे मेगाहर्ट्झ आणि एक दिवा

लंडनच्या पश्चिमेला असलेल्या ब्रॅकनेलमध्ये एकेकाळी संगणकांची दोन घराणी नांदत होती. ब्रिटनचं हवामान खातं 1961मध्ये इथे आलं आणि केडीएफ9 या यंत्रावर आकडेमोड करून 2 नोव्हेंबर 1965पासून रोजचा अंदाज काढू लागलं. त्याच गावात फेरांटी कंपनी युद्धनौकांसाठी एफएम1600 हा संगणक बनवत होती. अंदाजाला घटकाभर उशीर झाला तर फार तर कुणाची छत्री घरी राहील. रडारवर ठिपका उमटल्यावर मात्र नौकेवरच्या संगणकाला 'थांबा, हातातलं उरकतो' म्हणण्याची सोय नसते.

पन्नासेक वर्षांनी भराभर मोजणं आणि वेळेवर उत्तर देणं यांतला हा फरक इंटेलच्या गॅलिलिओ बोर्डाच्या आड आला. ऑक्टोबर 2013मध्ये रोमच्या मेकर फेअरच्या मुहूर्तावर, अर्डुइनोशी हातमिळवणी करून, हा बोर्ड हौशी मंडळींपुढे आला. त्यावरचा क्वार्क एक्स1000 प्रोसेसर जुन्या पेंटियमच्या सूचना जाणणारा, 400 मेगाहर्ट्झचा. सोबत 256 एमबी रॅम आणि लिनक्स. बोर्ड उलटा केला की चक्क मिनी-पीसीआय एक्स्प्रेसची खाच! शेजारी अर्डुइनो उनो ठेवा : 16 मेगाहर्ट्झ आणि 2 केबी रॅम. कागदावर ही कुस्ती लावण्यातच अर्थ नव्हता.

ज्यांचा डिप्लोमा 8085च्या ट्रेनर किटवर हेक्स कीपॅड बडवत झाला, त्यांना पुढची गंमत चटकन कळेल. नुसता प्रोसेसर काहीच करत नाही. त्याला लॅच लागतो, ईप्रॉम लागते, रॅम लागते, आणि बाहेरच्या जगाशी बोलायला 8255. उनोवरचा मायक्रोकंट्रोलर हा संसार एकाच चिपमध्ये थाटतो. क्वार्कसारख्या डेस्कटॉपच्या वळणाच्या प्रोसेसरला तो बोर्डावर मांडून द्यावा लागतो.

गॅलिलिओत बहुतेक पिना एका वेगळ्या चिपकडे सोपवल्या होत्या, आणि तिच्याशी प्रोसेसर आय-टू-सी या दोन तारांच्या संथ मार्गाने बोलायचा. वर प्रोग्रॅमही लिनक्समधली एक प्रक्रिया म्हणून चालणार. परिणाम असा, की पिन एकदा चालू किंवा बंद करायला साधारण दोन मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम 230 आवर्तनं. उनो हेच काम काही मायक्रोसेकंदांत उरकतो.

एलईडी लावून बघणाऱ्याला यातलं काही कळायचं नाही, डोळ्याला 230चं लुकलुकणं स्थिरच दिसतं. पण पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळावा असा डीएचटी22 जोडा. हा आर्द्रतामापक शून्य सांगताना सुमारे 26 मायक्रोसेकंदांचा आणि एक सांगताना 70चा ठोका देतो. दोन हजार मायक्रोसेकंदांनी डोकावणाऱ्याला ते ठोके दिसणार कसे? दोनच पिना थेट प्रोसेसरला जोडलेल्या होत्या, जाणकारांनी त्यांवर भागवलं. माझ्या मते चूक प्रोसेसरची नव्हती, मांडणीची होती.

2013मध्येच आलेल्या बीगलबोन ब्लॅकने मुख्य प्रोसेसरशेजारी 200 मेगाहर्ट्झचे दोन छोटे गाभे नुसत्या पिना सांभाळायला बसवले होते. गॅलिलिओच्या 2014च्या दुसऱ्या आवृत्तीत बऱ्याच पिना थेट प्रोसेसरला जोडल्या गेल्या. पण 2017मध्ये इंटेलने तो बोर्डच आवरता घेतला. 2023च्या रास्पबेरी पाय 5मध्ये पिना पुन्हा एका वेगळ्या चिपकडे आहेत, आरपी1 तिचं नाव. या खेपेला मधला रस्ता मात्र पीसीआय एक्स्प्रेसचा आहे.