मीठ, साखर आणि पाणी

अतिसारात बालक दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून त्याचे पाणी तोडणे घातक होय. आतड्यात साखरेच्या साहाय्याने मीठ शोषले जाते व त्यामागोमाग पाणीही रक्तात जाते. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर पटकीने आजारी पडलेल्या असंख्य निर्वासितांचे प्राण वाचविले.

शाळेत मुलांनी हे मिश्रण करून पाहावे : उकळून निवविलेले पाणी १ लिटर, साखर चहाचे ६ सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चव अश्रूंहून खारट लागल्यास ते टाकून द्यावे; अधिक मीठ अपायकारक असते. आरोग्य केंद्रातील जलसंजीवनीची पुडी मिळाल्यास तीच श्रेयस्कर. बालक निपचित पडल्यास मात्र विलंब न लावता त्यास दवाखान्यात न्यावे.