अडलेलं मडकं

बोरी अरबच्या शिवारात धान पिकत नाही. दारव्हा तालुक्यातलं हे गाव काळ्या मातीचं. कापूस, सोयाबीन, तूर, आणि एके काळी भरपूर ज्वारी. इथल्या ताटातला तांदूळ येतो तो पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातून, भंडारा-गोंदियाकडून. यवतमाळ जिल्ह्यात दारू म्हटलं की आठवतो मोह. तांदळाची दारू ही छोटा नागपूरची, आसामची, फार तर चीन-जपानची गोष्ट.

पण दिवाळीच्या तोंडावर याच गावात घरोघरी तांदूळ भिजत पडतो. तीन दिवस, रोज पाणी बदलून. मग तो उपसायचा, सावलीत कोरडा करायचा, कुटायचा, गुळात मळून मुरवत ठेवायचा. एवढं करूनही एखादीचा अनारसा तुपात पडताच हसतो, म्हणजे जाळी धरण्याऐवजी विरघळत सुटतो. तिच्या शेजारणीचा, तोच तांदूळ आणि तोच गूळ असून, छान फुलतो. तांदूळ मुरवताना काम नेमकं कुठे बिघडतं, हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघराला नवा नाही. दारूच्या मडक्यात तोच प्रश्न आणखी एका पायरीने अवघड होतो.

दोन पायऱ्यांचं काम

मोहाच्या फुलात साखर आयती असते. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच. ते पाण्यात भिजवलं की फुलावरचं आणि भांड्याला चिकटलेलं यीस्ट आपोआप कामाला लागतं. ताडी आणि काजूची उर्राक यांचंही तेच. महाराष्ट्र-गोव्यातली बहुतेक पारंपरिक दारू आयत्या साखरेवर उभी आहे.

तांदळाचं तसं नाही. दाण्याच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग स्टार्चचा, आणि साखर जवळजवळ नाहीच. यीस्टला साखर खाता येते, पण स्टार्च फोडणारं विकर त्याच्याकडे नाही. भाताच्या ढिगावर बसूनही ते उपाशीच राहतं. म्हणून आधी कुणीतरी स्टार्चची साखर करून द्यायला हवी. युरोपने हे काम मोड आलेल्या सातूकडून करून घेतलं, आशियाने बुरशीकडून. बुरशी भाताची साखर करते, यीस्ट त्या साखरेची दारू करतं, आणि दोन्ही कामं एकाच मडक्यात, एकाच वेळी चालतात. या जोडकामामुळेच जपानची साके न गाळताही जवळपास २० टक्के अल्कोहोलपर्यंत पोहोचते. मडकं अडण्याच्या, म्हणजे आंबणं मध्येच थांबण्याच्या, जागाही त्यामुळेच दोन होतात.

या बुरशीची ओळख विज्ञानाला उशिरा पटली. १८९२ मध्ये सायगावच्या पाश्चर संस्थेत आल्बेर काल्मेत यांनी चिनी दारूच्या विरजणाच्या गोळ्यांतून स्टार्च फोडणारी बुरशी वेगळी काढली. पुढे बीसीजी लस ज्यांच्या नावाने ओळखली गेली, तेच हे काल्मेत. दोनच वर्षांनी, १८९४ मध्ये, जोकिची ताकामिने यांनी साकेच्या बुरशीपासून मिळवलेल्या विकराचं पेटंट अमेरिकेत घेतलं आणि ते पचनाचं औषध म्हणून विकलं.

कौटिल्याचं प्रमाण

आपल्याकडे हे ज्ञान किती जुनं आहे, ते अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातल्या सुराध्यक्षाच्या प्रकरणात दिसतं. मुंबई विद्यापीठाने १९६० पासून प्रसिद्ध केलेली र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती उघडली की मेदक नावाच्या तांदळाच्या दारूची कृती सापडते: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे दारूचं विरजण. उडदाचा लगदा, त्याहून तिसऱ्या हिश्श्याने जास्त तांदूळ आणि मोरटादी वनस्पती यांचं ते केलेलं असे.

आता हिशेब मांडून पाहा. चार प्रस्थांचा एक आढक, म्हणजे अर्धा आढक तांदूळ दोन प्रस्थ होतो. दोन मापं तांदळाला तीन मापं विरजण! आज घरी प्रयोग करणारा माणूस किलोभर तांदळाला विरजणाची एखादी गोळी चुरून घालतो आणि तिसऱ्या दिवशी झाकण उघडून कपाळाला हात लावतो. कौटिल्याच्या काळातल्या कलालाने मडकं अडायला जागाच ठेवली नव्हती. घातलेली सेना मुळातच एवढी मोठी की परक्या जंतूंना शिरकाव मिळू नये.

जपान्यांनी हेच वेगळ्या वाटेने साधलं. ते आधी थोड्या भातावर यीस्टची दाट फौज तयार करतात. मग उरलेला भात, बुरशी धरलेला भात आणि पाणी चार दिवसांत तीन हप्त्यांनी घालतात, मधला एक दिवस विश्रांतीचा. सगळं एकदम ओतलं तर यीस्ट विरळ होतं आणि आंबटपणा आणणारे जीवाणू पुढे सरतात.

चव काय सांगते

मडकं अडलं की पहिला मोह होतो तो काहीतरी घालण्याचा: साखर, आणखी यीस्ट, गरम पाणी. त्याआधी स्वच्छ चमचा बुडवून चव घ्यावी. निदान जिभेवरच होतं.

भात जसाच्या तसा, पाणी सुटलेलं नाही, गोडीही नाही, तर पहिली पायरी अडली आहे. बुरशी लागलेलीच नाही. भात अर्धकच्चा राहिला असेल, तर स्टार्च उकललेला नाही. चिखल झाला असेल, तर बुरशीला हवा मिळत नाही. दाणा शिजलेला पण सुटा हवा, म्हणूनच तांदूळ पाण्यात शिजवण्याऐवजी वाफवतात. भात पुरता निवण्याआधी विरजण घातलं असेल, तर ते भाजून निघालं. हाताला कोमट लागेपर्यंत, तीस-पस्तीस अंशांवर येईपर्यंत थांबायला हवं. नाहीतर विरजणच जुनं, पावसाळी दमट हवेत निकामी झालेलं. इथे नुसतं यीस्ट घालणं व्यर्थ, कारण त्याला खायलाच काही नाही. ताजी गोळी चुरून मिसळणं हाच उपाय.

रस भरपूर सुटला, मधासारखा गोड लागतो, पण बुडबुडा नाही, तर दुसरी पायरी अडली आहे. बुरशीने साखर केली, यीस्ट मागे पडलं. साखर फार दाट झाली की तीच यीस्टमधलं पाणी शोषून त्याला लुळं करते. थोडं उकळून गार केलेलं पाणी घालून गोडी सैल करावी, ढवळून हवा द्यावी, पंचवीस-अठ्ठावीस अंशांची ऊब द्यावी आणि वेगळ्या भांड्यात फसफसत ठेवलेलं जागं यीस्ट ओतावं.

चव आंबट असेल आणि वास व्हिनेगरचा, तर मडकं अडलेलं नाही, त्याने वाट बदलली आहे. हवा लागून अल्कोहोलचं अॅसेटिक आम्ल होऊ लागलं. ते माघारी फिरत नाही. हलका, ताकासारखा आंबटपणा मात्र घाबरण्याचा नव्हे. साकेच्या जुन्या पद्धतीत लॅक्टिक आम्ल मुद्दाम आधी येऊ देतात, म्हणजे बाकीचे जंतू दबतात. गुलाबी, नारिंगी किंवा काळी बुरशी वर धरली असेल, तर चव न घेता सगळं टाकून द्यावं.

आणि गोडी नाही, बुडबुडा नाही, तिखटसर कडवट झणका आहे? मग मडकं अडलेलं नाही. काम संपलं आहे.

हवा आणि पाणी

विदर्भाची हवा या कामाला दोन्ही टोकांनी नडते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. यीस्ट मरत नाही, पण पेंगतं. मे महिन्यात चाळिशी पार झाली की जीवाणूंची चलती. यावर आयुर्वेदाचा तोडगा आसव-अरिष्टांच्या कृतीत आहे: धायटीची फुलं घालून, तोंड लिंपून बंद केलेलं भांडं धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरायचं. दिवस-रात्रीचा चढउतार तिथे पोहोचत नाही.

पाण्याची कथा अधिक मजेची. जड पाणी वाईट, असा आपला समज. पण जपानच्या नादा भागाची साके नावारूपाला आली ती निशिनोमियाच्या जड पाण्यामुळे. १८४० मध्ये यामामुरा ताझाएमोन यांच्या लक्षात आलं की दोन गावांतल्या आपल्या साकेत फरक पडतो तो पाण्याने. त्या पाण्यातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट यीस्टला पोसतं आणि लोह अगदी कमी असतं. तेव्हा काळ्या पाषाणातल्या विहिरीचं पाणी जड आहे म्हणून मडकं अडतं, असं मानायला आधार नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मात्र उकळून घालवलेला बरा.

कायद्याची रेघ

महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, मग ती घरातली का असेना. शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, आणि यवतमाळच्या बायकांनीही दारूबंदीसाठी मोर्चे काढले आहेत. त्यांच्या अनुभवापुढे आंबवण्याचं कौतुक जपूनच करायला हवं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं गेली ती दारूत मिसळलेल्या मिथेनॉलने. न गाळलेल्या तांदळाच्या दारूत मिथेनॉल नगण्य असतं, कारण ते मुख्यतः पेक्टिनपासून होतं आणि तांदळात पेक्टिन फारसं नाही. कौटिल्याने कुटुंबांना सणासमारंभापुरती श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायची मुभा दिली होती. आजच्या कायद्यात अरिष्टाला परवान्याची वाट आहे, घरच्या मडक्याला नाही.

पूर्व आणि ईशान्य भारताने हे ज्ञान वेगळ्या पद्धतीने राखलं. आसामातल्या दिमासा समाजाच्या जुदिमा या तांदळाच्या दारूला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सिक्कीम-दार्जिलिंगकडच्या बायका मर्चा या विरजणाच्या नव्या गोळ्यांवर जुन्या गोळीची पूड भुरभुरतात, म्हणजे तेच जंतू पिढ्यान्पिढ्या पुढे जातात. झारखंडच्या हंडिया या तांदळाच्या दारूच्या विरजणात, म्हणजे राणूत, रानातल्या मुळ्या आणि साली असतात.

बोरी अरबच्या कास्तकाराला असं घरचं विरजण राखण्याचा अर्थ वेगळा समजवायला नको. २००२ मध्ये बीटी कपाशी आली आणि संकरित बियाण्याचं पाकीट दरवर्षी विकत घेणं भाग झालं. उगवण फसली की दोष मातीचा, पावसाचा की बियाण्याचा, हे शोधायला घरचं बी हाताशी उरलं नाही. विरजणाचंही तेच आहे. विकतच्या पाकिटानेही दारू होते. पण जिने गोळी स्वतः वळली, वाळवली, मागच्या खेपेला तिचा गुण पाहिला, तिला मडकं कोणत्या पायरीवर अडलं हे चवीआधीच उमगलेलं असतं. अडलेल्या मडक्यावरचा खरा इलाज मडक्यात नसतो. तो त्याआधी कितीतरी दिवस, विरजण राखण्यात झालेला असतो.