ॲनीलिंगचं तापमान: टॅकचा हिशेब इथे लावू नका

करोना विषाणूच्या जनुकक्रमासाठी डिसेंबर २०२० मध्ये ‘इन्साकॉग’ हे प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं. त्यातल्या पहिल्या १० प्रयोगशाळांपैकी दोन पुण्याच्या: पुणे विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र (एनसीसीएस) आणि राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही). पीसीआरमध्येच एखादं अक्षर चुकलं, तर ते विषाणूचं उत्परिवर्तन वाटू शकतं. म्हणून अशा कामाला चूक खोडून दुरुस्त करणारं हाय-फिडेलिटी पॉलिमरेज लागतं.

त्याचं ॲनीलिंगचं, म्हणजे प्रायमर डीएनएला चिकटण्याचं, तापमान मात्र वेगळं ठरतं. समजा, दोन प्रायमरांचे वितळणबिंदू ६२ आणि ६५ अंश सेल्सिअस आहेत. नेहमीच्या टॅक पॉलिमरेजसाठी कमी बिंदूच्या ५ अंश खाली, म्हणजे ५७ला सुरुवात करतात. क्यू५ किंवा फ्यूजन या हाय-फिडेलिटी एन्झाइमांसाठी त्याच ६२च्या ३ अंश वर, ६५ला. या एन्झाइमांना डीएनएला घट्ट धरणारा जास्तीचा भाग जोडलेला असतो. त्यामुळे, आणि बफरमुळेही, प्रायमर जास्त तापमानाला टिकून बसतो. ५७लाच चालवलं, तर जेलवर नको ते पट्टे दिसतात.

वितळणबिंदू त्या एन्झाइमच्या उत्पादकाच्याच गणकावर काढावा. जी-सी मोजून काढलेला ढोबळ आकडा इथे हमखास फसवतो. तरीही शंका उरली, तर ६० ते ७२ अंशांचा ग्रेडियंट लावावा. आणि एन्झाइम सगळ्यात शेवटी, बर्फावरच घालावं. नाहीतर ते प्रायमरचंच टोक कुरतडतं.