दुसऱ्याच्या वावरात पेरणी

मृग लागून आठ दिवस झाले तरी जिंतूर तालुक्यातल्या त्या आखाड्यावर बियाण्याच्या थैल्या भिंतीला टेकलेल्याच होत्या. जमिनीत ओल नव्हती. पावशा मात्र लिंबाच्या झाडातून पहाटेपासून ओरडत होता, ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’. बियाणं निवडत बसलेल्या आजीने मान वर न करताच सुनावलं, “ह्याचं काय ऐकता? लोकायला पेरा म्हणतंय, अन् सोताची पेरणी दुसऱ्याच्या वावरात करतंय.”

पाहुणा आला होता पेरणीची खबर घ्यायला. या एका वाक्यापायी त्याच्या आखाड्यावर आणखी दोन खेपा झाल्या.

दुसऱ्याचं वावर म्हणजे सातभाईंचं घरटं. पक्षी तसा दिसायला मातकट, कोणी मुद्दाम फोटो काढायला येत नाही असा. उकिरड्यावर, बाभळीखाली पाचोळा उलथत फिरायचं, मांजर किंवा साप दिसला की सगळ्यांनी मिळून कालवा करायचा. कळप पाचाचा असो की दहाचा, नाव सातभाईच. इंग्रजांनी यांनाच सात बहिणी करून टाकलं. नर-मादी हुबेहूब सारखे असल्याने वाद मिटण्यासारखा नाही. आजीला तर आकडाच मान्य नव्हता. “सात कशाचे? नऊ हायेत.”

जुलैअखेर सोयाबीन वीतभर झालं होतं. धुऱ्यावरच्या बाभळीत, काट्यांच्या दाटीत काड्यामुळ्यांची वाटी दिसत होती. सातभाईंच्या कळपात सहसा एकच जोडी वीण घालते. तीन-चार अंडी, रंग गडद हिरवट निळा. बाकीचे असतात ते बहुतेक त्याच घरातले, आधीच्या विणीतले. ते स्वतःचा संसार मांडत नाहीत, या जोडीची पिल्लं भरवतात. नवाच्या कळपातून जोडी वजा केली, तर मदतीला उरतात सात. नावाचा हिशेब असा कुठेतरी जुळतो.

जगातल्या बहुतेक पक्ष्यांमध्ये आईबाप दोघं मिळून पिल्लं वाढवतात. तिसऱ्याचा हात लागतो तो सुमारे नऊ टक्के जातींमध्ये. पुन्हा नऊच.

त्या नवांतला एक नजरेतून जाईना. सातभाईच्या कोवळ्या पाखराचे डोळे गडद असतात, वयाबरोबर ते फिके, पांढरट होत जातात. याचे गडदच होते, म्हणजे हा त्याच वर्षीच्या उन्हाळी विणीतला असावा. चोचीत हिरवी उंटअळी धरून तो बाभळीच्या शेंड्यावर आला. मग फांदीफांदीने खाली उतरला, काठावर थबकला, इकडेतिकडे पाहिलं आणि अळी वासलेल्या चोचीत कोंबली. पिल्लाने पाठ फिरवून पांढरी, पातळ पिशवीत बांधल्यासारखी विष्ठा टाकली. याने ती अलगद उचलली, दोन वावरं पलीकडे नेऊन टाकली आणि परत येऊन पाचोळ्यात शोधाशोध सुरू केली. पोर अजून स्वतः पुरतं मोठं झालेलं नाही, आणि धाकट्याचं हागणं-मुतणं काढतंय. आजीला त्यात नवल वाटलं नाही. घरात थोरल्या पोरींनी हेच केलं, म्हणाली.

शास्त्रज्ञ इतके हळवे नसतात. इस्रायलच्या वाळवंटात सातभाईंच्याच भाऊबंदांचा १९७०च्या दशकापासून अभ्यास करणारे अमोत्झ झहावी म्हणत, ही मदत म्हणजे मानापमानाचा खेळ आहे. पिल्लाला भरवायला, उंच फांदीवर राखण करायला ते एकमेकांशी चढाओढ करतात, कारण त्याने कळपात पत वाढते. दुसरं उत्तर नात्याचं आहे: भावंड जगलं तरी आपलंच रक्त पुढे जातं. दोन्ही उत्तरं पटण्यासारखी आहेत. पण बाभळीखाली उभं राहून त्या गडद डोळ्यांच्या पाखराची सातवी-आठवी खेप पाहताना पतीबितीचं फारसं सुचत नाही.

घरट्यात पिल्लू मात्र एकच होतं. तीन-चार अंडी घालणाऱ्याच्या घरी एकच. आजीने तेव्हाच तोंड वाकडं केलं होतं.

ऑगस्टच्या मध्यावर, तिसऱ्या खेपेला, उलगडा झाला. पिल्लू बाहेर येऊन आखाड्याच्या तारेवर बसलं होतं. शेपटीवर पट्टे, नजर शिक्र्यासारखी, अंगाने सातभाईपेक्षा भारी. पावशाची मादी सातभाईच्या घरट्यात एकच अंडं घालते, तेही निळं, घरच्या अंड्यांत खपून जाईल असं. त्यातून निघालेलं पिल्लू बहुतेकदा घरधन्याची अंडी बाहेर ढकलून देतं. घरटं सोडल्यावरही ते जवळपास महिनाभर कळपामागे फिरतं. चातकही याच घरात अंडी घालतो, पण त्याचं पिल्लू सावत्र भावंडांना बाहेर काढत नाही, सोबत वाढतं. दोन्ही लबाडच, पण चातकावर लिहिताना लोकांची लेखणी ओली होते. सातभाईवर कोणी लिहिलंय?

तारेवरचं पिल्लू एकसारखं किरकिरत होतं. नऊजण आळीपाळीने चारत होते. एक चारून उडाला की दुसरा हजर. याच्या पट्ट्यांकडे, अंगाकडे कोणी लक्ष देत नव्हतं. गडद डोळ्यांचा तो खालच्या तुरीच्या ओळीतून नाकतोडा घेऊन आला, तेव्हा पिल्लापुढे पुरता लहान दिसला. पिल्लाने नाकतोड्यासकट त्याची निम्मी चोच तोंडात घेतली.

आजीने खुरपं खाली ठेवलं, डोळ्यांवर हात धरला आणि बोटं मोडत मोजलं.

“दहा,” ती म्हणाली. “पर हे आपलं न्हाई.”

लिंबात सामसूम होती. पावशा बरेच दिवस ओरडला नव्हता.