काटा थांबतो तेव्हा

बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, शस्त्रक्रियेनंतर वजन भराभर उतरतं आणि बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा हलेनासा होतो. कागल पंचतारांकित एमआयडीसीत पाळीवर परतलेल्या माणसाला मग कँटीनमध्ये कुणीतरी विचारतंच, "एवढं ऑपरेशन करून थांबलं व्हय?" ते जिव्हारी लागतं.

कारण समजून घ्या. सुरुवातीला शरीर यकृत आणि स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, वापरतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं, तेही निघून जातं. हा साठा थोडा भरला की पाणी परततं आणि काटा अडतो; चरबी मात्र घटतच असते. काही महिन्यांनी वेग पुन्हा मंदावतो, कारण हलक्या शरीराला ऊर्जा कमी लागते. बहुतेकांचं वजन १२ ते १८ महिन्यांत स्थिरावतं. याला अपयश म्हणणं साफ चूक आहे.

खरं दुखणं वेगळं असतं. थकवा, राग, एकटेपणा यांवर अनेकांचा उतारा जेवण हाच होता, तोच आता काढून घेतलेला असतो. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या पंगतीतून चार घासांवर उठणं सोपं नाही. रात्रपाळीत झोप मोडली की भूक आणि चिडचिड दोन्ही वाढतात.

रोज वजन करू नका, आठवड्यातून एकदा पुरे. कंबरेचं माप घ्या, जिना चढताना दम कमी लागतो का बघा. वैतागून उपाशी राहू नका, त्यात स्नायू झिजतात. दारू टाळाच, या शस्त्रक्रियेनंतर ती लवकर चढते. उदासी दोन आठवडे हटली नाही तर डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर बोला. तिथे मराठीत, मोफत, रात्रपाळीतही कुणीतरी ऐकायला असतं.