बिछायतीच्या मालाला बुरशी : नुकसान गोदामात होते

वरवट बकाल व परिसरातील मंडप-बिछायत व्यावसायिकांचा बराच माल आषाढीनंतर घडी होऊन गोदामात जातो आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा बाहेर निघतो. या चार महिन्यांत कनाती, शामियाने व सतरंज्यांवर काळे ठिपके पडतात, कुबट वास येतो आणि ताण दिला की कापड फाटते. दोष पावसाला दिला जातो. आमच्या मते खरा दोष ओल्या घडीचा आहे.

बुरशी ही सजीव वस्तू आहे. तिचे बीज हवेत सर्वत्र असते. ओल, ऊब आणि खाद्य मिळाले की एक-दोन दिवसांत ती वाढू लागते. सुती कापड हेच तिचे खाद्य असून कांजी, धूळ व सांडलेले अन्न तिला अधिक पोसते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू व कपडे कुजू लागले, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्यातून सूत खाणारी एक बुरशी वेगळी काढली. तिचाच रस आज जीन्सचे कापड मऊ करण्यासाठी कारखान्यांत वापरला जातो. तो रस आपल्या गोदामात फुकट काम करतो, पण आपल्याविरुद्ध!

प्लॅस्टिकची ताडपत्री बुरशी सहसा खात नाही. मात्र तिच्यावरील मळावर ती वाढते आणि सुती शिवण कुजवते. म्हणून ताडपत्री शिवणाऱ्या कारागिरांनी पॉलिएस्टरचा दोरा वापरावा.

काय करावे?

१) घडी करण्यापूर्वी माती व खरकटे झटकावे. दोन्ही बाजूंना ऊन द्यावे. शिवण, मुडप व दोऱ्या सर्वांत शेवटी वाळतात. हात लावून पाहावे.

२) दव पडण्यापूर्वी घडी करावी. पावसात मांडव उतरवावा लागला, तर माल त्याच दिवशी छपराखाली दोरीवर पसरावा.

३) थप्पी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. खाली लाकडी फळ्या द्याव्यात व हवा खेळू द्यावी. सुती माल प्लॅस्टिकमध्ये बांधू नये.

४) उघडीप मिळेल तेव्हा थप्पी उलगडून घड्या बदलाव्यात. कडुनिंबाचा पाला किड्यांसाठी ठीक आहे, पण ओलीवर तो उपाय नाही.

बुरशी लागलीच तर?

तो माल आधी वेगळा काढावा. नाकाला फडके बांधून उघड्यावर कोरड्या ब्रशने झाडावा, मग सौम्य साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावा. पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर घालून पुसता येते. रंगीत कापडाचा कोपरा आधी तपासावा. ब्लिचिंग पावडरने डाग फिके होतात, पण सूत कमजोर होते. व्हिनेगर व ब्लिचिंग कधीही एकत्र करू नये. विषारी वायू निघतो.

जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर तालुक्यात अतिवृष्टी होऊन पूर आला होता. पुराचे पाणी लागलेला माल गाळासकट वाळवू नये. आधी स्वच्छ पाण्याने धुवावा.

कुजलेली कनात भर लग्नात फाटली, तर नुकसान कापडापुरते राहत नाही. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसऱ्या दारी जाते. एका दिवसाच्या उन्हाची मजुरी त्या मानाने फारच थोडी आहे.